पुरावाबाईंची अकरा खोकी

इतिहासाच्या बाईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती उपमुख्याध्यापकांच्या टेबलाचा ड्रॉवर रिकामा करत होती. त्यांच्या देखत. टाचण्यांची डबी, चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या, दोन सुकलेली पेनं असं एकेक उचलून तिने टेबलावर मांडलं आणि ड्रॉवरच्या तळाशी अंथरलेला मोठा रंगीत कागद अलगद, फाटू न देता, ओढून काढला. तो नकाशा होता.

“हे पान कुठून आणलंत, सर?”

“ग्रंथालयातल्या त्या जुन्या नकाशांच्या पुस्तकातलं आहे. पडून होतं नुसतं. कोण वाचतंय?”

“अर्धा खंड आहे यात!” तिचा आवाज असा चढला की शिक्षकखोलीतले चहाचे कप जागच्या जागी थांबले. “उद्या एखादं पोर आलं, मॅडम हा देश कुठे आहे विचारायला, तर काय सांगू? सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे, खोकल्याच्या गोळ्यांखाली?”

कोणीतरी वहीत तोंड खुपसून हसलं. तिने पानावरची धूळ फुंकली, ते छातीशी धरलं आणि दार न लोटता निघून गेली. शाळेत लागून तिला अकरा दिवस झाले होते. ग्रंथालय मदतनीस, आणि तीही हंगामी. बाईंच्या मनात आलं, ही काही इथे टिकत नाही.

ती टिकली. पुढे तेच उपमुख्याध्यापक मुख्याध्यापक झाले, तरीही टिकली. एवढ्या कमी पगारात एवढं काम करणारं दुसरं माणूस मिळत नव्हतं, हे त्याचं खरं कारण. मुख्याध्यापक ते जाणून होते आणि तीही जाणून होती.

पुरावाबाई हे नाव पोरांनी ठेवलं. कोणी येऊन म्हणालं, “मॅडम, जगातला सगळ्यात लांब पूल अमक्या देशात आहे,” की ती पुस्तकातून मान वर न करता विचारायची, “पुरावा?” घरात आग लागली म्हणून सांगायला गेलो तरी ही आधी पुरावा मागेल, असं नववीतल्या पोरांचं म्हणणं होतं. तिला हे नाव ठाऊक होतं. एकदा एक पालक वर्गाच्या दारात उभे राहून भीतभीत म्हणाले, “त्या... पुरावाबाई कुठे भेटतील?” तेव्हा ती मागूनच म्हणाली, “मीच. काय हरवलंय?”

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. बाईंचं उलट. त्यांचा आवाज तीस वर्षांत कोणी चढलेला ऐकला नव्हता. मुख्याध्यापक काहीही म्हणाले तरी त्या “बरं सर” म्हणायच्या आणि मग आपल्या पद्धतीने हळूच काय करायचं ते करायच्या. पुरावाबाईला हे अजिबात पटायचं नाही. “बाई, तुमचं ते ‘बरं सर’ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते,” ती तोंडावर सांगायची. तरी दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर बसून.

ती खोकी हीच तिची खरी मिळकत होती. शाळेत येण्याआधी एकोणीस वर्षं ती एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, संदर्भ विभागात होती. रोज सकाळी सात वर्तमानपत्रं समोर यायची. कात्री, डिंक, तारखेचा शिक्का. बातमी कापायची, मागे तारीख आणि पान क्रमांक घालायचा, विषयाच्या निळ्या पाकिटात टाकायची. बातमीदारांना जुनं काही हवं असलं की ते खिडकीशी येऊन ओरडायचे आणि ही पाच मिनिटांत पाकीट काढून द्यायची. मग सगळं संगणकावर गेलं. विभाग बंद. पाकिटांचे ढीग कागदाच्या गिरणीत पाठवायचं ठरलं. त्या दिवशी ती फाटकात आडवी उभी राहिली, दोन तास भांडली आणि हाताला लागली तेवढी अकरा खोकी सोडवून घेतली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो कंपनीची गाडी घेऊन आला. “आयुष्यभर लोकांना वर-खाली करतो,” ती सांगायची, “एवढं एकदा माझ्या कामाला आला.”

घरात दोन खोल्या. सासूबाईंनी खोक्यांची रांग आत येताना पाहिली आणि म्हणाल्या, “लोक नोकरी सुटली की भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. आमच्या सूनबाई रद्दी घेऊन आल्या.”

“रद्दी नाही, सासूबाई.”

“मग काय आहे? वाचता येतं मला, कालचीच बातमी आहे. कालचीही नाही, परवाची.”

शाळेत लागल्यावर तिने ती खोकी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आणून ठेवली. तिथे मोडके बाक पडलेले असायचे, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. आठ वर्षं ती तिथे होती.

आणि मग त्या वर्षी मुख्याध्यापकांना संगणकांची खोली करायची सुचली. जागा एकच होती. ते मागच्या खोलीत आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

“हे सगळं काढावं लागेल.”

“कशासाठी?”

“मुलांसाठी. आता मुलं असले कागद चाळत नाहीत. जगाच्या बरोबरीने चालायला नको का?”

“जग कुठे चाललंय ते या पाकिटांत आहे, सर.”

बाई तिथेच डबा उघडून बसल्या होत्या. त्यांना वाटलं आता ठिणगी पडणार. पण मुख्याध्यापकांना एकाएकी काहीतरी आठवलं. राष्ट्रपरिषदेचं पत्र त्याच सकाळी आलं होतं. ते म्हणाले, “ठीक आहे. परिषद होऊ दे. तुमच्या या कागदांचा मुलांना काही उपयोग झाला, तर खोकी राहतील. नाही तर रद्दीवाल्याला फोन करीन. बाई, तुम्ही साक्षीदार.”

“बरं सर,” बाई म्हणाल्या. पुरावाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

ही परिषद म्हणजे शाळाशाळांतल्या मुलांची खोटी खोटी जागतिक सभा. प्रत्येक शाळेला एक देश मिळतो. मुलांनी त्या देशाचे प्रतिनिधी व्हायचं, त्याची बाजू आपल्या मनाला पटो न पटो, कागदपत्रांच्या आधाराने मांडायची, दुसऱ्या देशांशी बोलणी करायची आणि शेवटी ठराव करायचा. आधी एक भूमिकापत्र लिहून पाठवायचं. बाईंच्या शाळेला मिळालेल्या देशाला समुद्र नव्हता. चारही बाजूंनी शेजारी. नकाशावर तो करंगळीच्या नखाखाली झाकला जात होता. विषय होता, समुद्र नसलेल्या देशांचा माल शेजाऱ्यांच्या बंदरांतून कसा जावा.

“एखादा मोठा देश मागून बघा ना,” मुख्याध्यापक बाईंना म्हणाले. “याचं कोण ऐकणार?”

शाळेतून दोघं निवडली होती. डॉक्टरांचा मुलगा दहावीत, इंग्रजी फाडफाड, कुठेही उभा केला तरी न अडखळणारा. आणि टेलरची मुलगी नववीत. तिचा आवाज इतका बारीक की पहिल्या बाकावरही दोनदा विचारावं लागायचं. पण निबंध लिहिताना ती कुठलं वाक्य का लिहिलं हे सांगू शकायची. म्हणून बाईंनी तिला घेतलं.

डॉक्टरांचा मुलगा तिसऱ्याच दिवशी भूमिकापत्र तयार करून घेऊन आला. सुबक छापलेलं, वर देशाचा झेंडा. पुरावाबाईने लाल पेन्सिल काढली.

“‘या देशाने प्रगतीच्या दिशेने भरीव पावलं टाकली आहेत.’ कोणी सांगितलं?”

“मॅडम, ते... सगळीकडे असतंच.”

“सगळीकडे म्हणजे कुठे? पान सांग.”

“नेटवर.”

“नेट म्हणजे पान नाही, बाळा. नेट म्हणजे बाजार. कुठल्या दुकानातून आणलंस ते विचारतेय मी.”

सोळा वाक्यं होती. चौदा लाल झाली. उरलेल्या दोनांत एक देशाची राजधानी होती आणि एक त्याचं स्वतःचं नाव. मुलाचे कान तापले. “आमच्या घरी कोणी माझ्याशी असं बोलत नाही,” तो म्हणाला आणि दप्तर उचलून गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून विचारलं, “मदतनीसाला शिकवण्याचं काम कोणी दिलं?” बाईंनी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि शेवटी नेहमीचं “बरं सर” म्हणाल्या. मग दुपारी दोन्ही मुलांना घेऊन पुन्हा मागच्या खोलीत हजर.

मुलगा येत होता, पण खिडकीशी बसून भाषणाचे हातवारे करायचा. काम मुलीने उचललं. पुरावाबाईने तिला कार्डांची पद्धत शिकवली: एका कार्डावर एकच गोष्ट, आणि मागच्या बाजूला ती कुठून आली ते, वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान. दीड महिन्यात एकशे चाळीस कार्डं झाली. निळी पाकिटं उघडून उघडून मुलीची बोटं काळी पडायची. तिचे वडील संध्याकाळी न्यायला यायचे, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत. ते खोक्यांकडे बघून म्हणायचे, “एवढं कापून ठेवलंय, शिवणार कधी?”

एके दिवशी मुलगी एकच कात्रण पुन्हा पुन्हा वाचत बसली.

“काय झालं?”

“मॅडम, आपण म्हणतोय शेजारी आपला माल अडवतो. पण यात लिहिलंय की आपल्याच नाक्यावर आपलीच माणसं लाच घेतात. मग ते सांगायचं?”

“आपण वकील आहोत की न्यायाधीश?”

“वकील.”

“मग आपल्या तोंडाने नाही सांगायचं. पण कार्ड कर. समोरचा ते काढेल तेव्हा आपण तोंडघशी पडता कामा नये. आणि हो, खोटं तर मुळीच नाही बोलायचं. कितीही मोठा देश समोर असला तरी.”

बाईंना त्या वेळी वाटलं होतं, तीस वर्षांत आपण हे एवढ्या नेमक्या शब्दांत कोणाला सांगितलं नाही.

सगळ्यात बळकट कार्ड होतं सव्वीस दिवसांचं. नऊ वर्षांपूर्वीची बातमी: त्या देशाची मालमोटार शेजाऱ्याच्या नाक्यावर सरासरी सव्वीस दिवस अडकून पडते. भाषणाची सुरुवातच त्याने करायची ठरली.

परिषदेला पुरावाबाई गेली नाही. सोबत फक्त शिक्षकांनी यायचं, असा नियम होता. त्या सकाळी तिने मुलीच्या कोटाची कॉलर सरळ केली. कोट वडिलांनीच शिवलेला होता, खांद्याला इतका चोख बसलेला की डॉक्टरांच्या मुलाने “कुठून घेतला?” असं विचारलं. पुरावाबाई एवढंच म्हणाली, “हळू बोल, पण स्वल्पविराम गिळू नकोस.”

सभागृहात तीसएक देश बसले होते. बाई मागच्या रांगेत होत्या. मुलगी उठली आणि ध्वनिवर्धकातून तिचा बारीक आवाज इतका स्वच्छ आला की बाईंनी पाठ टेकली. “सव्वीस दिवस,” ती म्हणाली, “एक मालमोटार सव्वीस दिवस उभी असते.” मग वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक. दोन-तीन देशांनी माना वर केल्या. असं पान क्रमांकासकट कोणी बोलत नव्हतं.

मग बंदरवाल्या देशाचा प्रतिनिधी उठला. उंच मुलगा, समोर संगणक उघडा. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “सन्माननीय प्रतिनिधींनी जी बातमी सांगितली, तीच माझ्यासमोर आहे. त्याच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर. तिच्याखाली दोन दिवसांनंतरची दुरुस्ती आहे. सव्वीस नव्हे, सहा. छापताना चूक झाली होती. आमच्या देशावर नऊ वर्षं जुन्या चुकीचा आरोप होतो आहे.”

सभागृहात हसण्याची एक लाट आली. डॉक्टरांच्या मुलाने खुर्ची मुलीपासून वीतभर लांब सरकवली. बाईंनी ते पाहिलं.

मुलीने कार्ड उलटून मागची तारीख पाहिली. अध्यक्षांनी विचारलं, “प्रतिनिधी उत्तर देणार?”

“मी सव्वीस मागे घेते,” ती म्हणाली. मग तिने कार्ड खाली ठेवलं. “पण सहा दिवसही खूप आहेत. आमच्या देशातून दूध जातं. सहा दिवस दूध उन्हात उभं राहिलं तर काय होतं, हे बंदरवाल्या देशाने सांगावं.”

आता हसू दुसऱ्या बाजूला गेलं. शेवटी मोठं बक्षीस बंदरवाल्या देशालाच मिळालं. पण बाईंच्या शाळेला “उत्तम पूर्वतयारी” असं एक प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांनी पान क्रमांकांचा खास उल्लेख केला होता. परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली. छापण्यातली चूक सभागृहात ऐकूनही डॉक्टरांचा मुलगा पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, “आकडा तूच चुकीचा उतरवलास. सहाचे सव्वीस केलेस.”

शाळेतही त्याने तेच सांगितलं आणि बाईंनी ते खोडून काढलं नाही. मुख्याध्यापक मात्र खूश होते. प्रमाणपत्र काचेत बसवायला पाठवलं. ग्रंथालयात येऊन पुरावाबाईला म्हणाले, “खोकी राहू द्या तुमची. मी शब्दाचा पक्का आहे. संगणक आपण प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसवू. त्या मुलीने आकडा चुकीचा टिपला नसता तर मोठं बक्षीसही आलं असतं. हलगर्जीपणा! पुढच्या वर्षी तिच्याऐवजी दुसरं कोणीतरी पाठवू.”

पुरावाबाई “पुरावा?” असं न विचारता पाकिटं आवरत राहिली. बाईंना त्याचंच आश्चर्य वाटलं.

दुपारी मुलगी आली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं, शेजारी निळं पाकीट ठेवलं आणि पाकिटातलं कात्रण काढून कार्डाशेजारी लावलं.

“मॅडम, हे बघा. कात्रणात सव्वीसच आहे. मी बरोबर उतरवलंय.” तिचा आवाज पहिल्यांदाच मोठा होता. “याची दुरुस्ती कुठे आहे? तुम्ही म्हणायचात, मागे पान लिहिलं की झालं. सगळी शाळा म्हणतेय मी चुकले. सरांनी माझं नाव काढलं. दुरुस्ती कुठे आहे, मॅडम?”

पुरावाबाईने अख्खं पाकीट उलटं केलं. नव्हती. शेजारचं पाकीट काढलं, त्यातही नव्हती. मुलगी उभीच होती. शेवटी पुरावाबाई म्हणाली, “शनिवारी सांगते.” मुलगी “बरं” न म्हणता गेली.

शनिवारी बाई पुरावाबाईबरोबर सार्वजनिक वाचनालयात गेल्या. तिथे त्या वर्तमानपत्राचे बांधीव खंड होते, एकेक दोन माणसांनी उचलावा एवढा. नऊ वर्षांपूर्वीचा खंड टेबलावर आडवा पडला. दोन दिवस पुढचा अंक, सातवं पान, खालचा डावा कोपरा. चार ओळी, चौकटीत. “परवाच्या अंकात सहाऐवजी सव्वीस छापले गेले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.”

पुरावाबाईने त्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

“मीच हे पान वाचलं असणार,” ती म्हणाली. “त्या दिवशी टेबलावर मीच होते. डोळ्यांखालून गेलं असणार. आणि मी कापलं नाही. कारण आम्ही दुरुस्त्या कापत नव्हतो.”

“म्हणजे?”

“साहेबांचा नियम. दुरुस्त्या कापायच्या नाहीत, पाकिटं फुगतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकोणीस वर्षं, बाई! एकोणीस वर्षं मी इमानेइतबारे चुका कापून ठेवल्या आणि दुरुस्त्या केराच्या टोपलीत टाकल्या. आणि वर लोकांच्या पोरांना पुरावा मागत बसले.” तिने खंड इतक्या जोरात मिटला की ग्रंथपाल खिडकीतून डोकावला. “अकरा खोक्यांत एकही दुरुस्ती नाही. एकही नाही! त्या माणसाला एवढं कळलं नाही? आणि मला? मला काय झालं होतं? माझ्या डोळ्यांवर काय झापडं होती?”

बाईंना तिची दया आली. आणि दयेच्या भरात, आयुष्यभर ज्या गोड आवाजात त्या सगळ्यांची समजूत घालत आल्या होत्या, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “अगं, पण हे कोणाला कळणार आहे? खोकी राहिलीत ना? मुलगी लहान आहे, चार दिवसांत विसरेल. मी तिच्याशी बोलते. तू कशाला उगाच...”

पुरावाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यात राग होता, पण त्याहून वाईट म्हणजे ओळख नव्हती.

“तुम्ही हे बोललात?” ती म्हणाली. “तुम्ही? मुलांना इतिहास शिकवणाऱ्या?” आणि एकटीच जिना उतरून गेली.

सोमवारी शिक्षकांची बैठक होती. मदतनीसांना तिथे बोलावत नसत. मुख्याध्यापक प्रमाणपत्राविषयी बोलत असताना दार उघडलं. पुरावाबाई आत आली ती निळं पाकीट हातात घेऊनच.

“चूक मुलीची नाही,” ती म्हणाली. बसा म्हणायची वाटही पाहिली नाही. “तिने जे लिहिलेलं होतं तेच उतरवलं. कात्रण माझं आहे, चूक माझी आहे. आमच्या कचेरीत दुरुस्त्या कापत नव्हते आणि मी कधी विचारलं नाही, का. म्हणजे ही एकच चूक नाही, सर. खोक्यांत अजून किती आहेत मला माहीत नाही. आणि तुम्ही काही न तपासता, कोणाला न विचारता, एका चौदा वर्षांच्या पोरीच्या माथ्यावर हलगर्जीपणा मारलात! कुठून आणलात तुम्ही तो हलगर्जीपणा? कोणत्या पानावर होता?”

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांच्या मानेवरून लाली वर चढत गेली.

“म्हणजे तुमची खोकी भरवशाची नाहीत, असं तुम्हीच म्हणताय?”

“हो.”

“मग ठेवायची कशाला?”

“तपासायला.”

“किती दिवस लागतील?”

“दिवस नाही. वर्षं.”

“शुक्रवारपर्यंत खोली रिकामी पाहिजे,” मुख्याध्यापक म्हणाले. “आणि पुढच्या वेळी बैठकीत यायचं असेल तर परवानगी घेऊन या.”

तिने मान हलवली. ते तिला ठाऊकच होतं. शनिवारपासून ठाऊक होतं. ती वळली.

तेव्हा बाई उठल्या. त्यांना वाटत होतं की आपण शांतपणे बोलतोय, पण नंतर चित्रकलेच्या सरांनी सांगितलं की आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला होता. “सर, मुलीचं नाव यादीत परत घाला. आत्ता. माझ्यासमोर. आणि उद्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला सांगा की ती चुकली नव्हती. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन.”

“बाई, तुम्ही पण?”

“हो, मी पण. मी फार वर्षं उशीर केला.”

मुख्याध्यापकांनी वही ओढली आणि नाव लिहिलं. पेन कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलं, पण लिहिलं. बाई वळून पाहतात तो पुरावाबाई निघून गेलेली होती.

शुक्रवारी लिफ्टवाल्याची गाडी आली. नवऱ्याने खोकी भरली, एकटीने उचलू नकोस म्हणून दोनदा बजावलं, आणि तिने दोन्ही वेळा ऐकलं नाही. सासूबाई आता थकल्या आहेत, पण जिभेला धार तीच. दारात बसून म्हणाल्या, “आली परत? मला वाटलं शाळेत शिकून शहाणी होतील.”

“अजून शिकायची आहेत, सासूबाई,” ती म्हणाली. “आधी मी शिकते.”

त्यानंतर ती बाईंशी आठ महिने कामापुरतंच बोलली. डबा वेगळा खायची. बाईंनी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “माझी नका मागू, तिची मागा.” बाई टेलरच्या दुकानात गेल्या. मुलगी काज करत बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं बाई,” अगदी बाईंच्याच आवाजात. ते बाईंना फार लागलं.

पुढच्या वर्षी मुलगी परिषदेला गेली, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. बाईंना निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली.

पुरावाबाई अजून त्याच शाळेत आहे, अजून हंगामीच. मागच्या खोलीत वीस संगणक आहेत आणि संध्याकाळी त्या खोलीला कुलूप तीच लावते. दर रविवारी सकाळी दहाला ती पिशवीत निळी पाकिटं घालून सार्वजनिक वाचनालयात जाते, एकेका कात्रणाच्या पुढचे आठ दिवसांचे अंक चाळते आणि सापडलेली दुरुस्ती हाताने लिहून त्याला टाचते. चौथं खोकं चालू आहे.